‘डंगरी’च्या पोटातली डोंगरी

लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात जाऊन ‘डंगरी दाखवा’ म्हटलं, की दुकानदार काही न विचारता एकच वस्तू काढतो. जाड निळी पँट, छातीवर चौकोनी तुकडा, खांद्यांवरून येऊन बकलात अडकणारे दोन पट्टे. पोर त्यात गोंडस दिसतं आणि शू लागली की आईची तारांबळ उडते, हे दोन्ही ठरलेलं. शब्द इंग्रजी, कपडा साहेबाचा, असं आपण धरून चालतो. मधूनच मोबाइलवर याच्या उलट मजकूर येतो: ‘जीन्सचा शोध मुंबईच्या डोंगरीत लागला!’ पहिली समजूत चुकीची आहे. दुसरी तिच्याहून जास्त चुकीची आहे, फक्त ऐकायला बरी वाटते.

या शब्दाचं मूळ शोधायचं तर सुरुवात एका शब्दकोशापासून करावी लागते, आणि तीसुद्धा त्यातल्या एका चुकीपासून.

१८८६ साली ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा कोश निघाला. हिंदुस्थानात राहून इंग्रजांच्या बोलण्यात जे देशी शब्द शिरले, त्यांचा हा संग्रह. हेन्री यूल हा लष्करातला इंजिनिअर आणि आर्थर बर्नेल हा मद्रासकडचा सनदी अधिकारी, अशा दोघांनी तो रचला. शब्द कुठून आला, कोणत्या साली कोणी वापरला, याचे उतारे देण्याची त्यांची पद्धत इतकी चांगली की आजही हा कोश वाचत बसावासा वाटतो. ‘डंगरी’ या शब्दापाशी मात्र दोघे अडले. जाडंभरडं, हलक्या प्रतीचं सुती कापड, एवढा अर्थ देऊन त्यांनी लिहून टाकलं, की आम्हांला माहीत असलेल्या कोणत्याही कोशात हा शब्द नाही.

शब्द कोशात होता. मराठीच्या कोशात होता. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ची, म्हणजे जवळजवळ ३० वर्षं आधीची. त्यात ‘डोंगरी कापड’ अशी नोंद अर्थासकट दिलेली. १९०३ साली विल्यम क्रूकने हॉब्सन-जॉब्सनची सुधारलेली आवृत्ती काढली, तेव्हा त्याने कंसात ही मराठी नोंद जोडली. आधीचं ‘कोणत्याही कोशात नाही’ हे वाक्यही त्याने तसंच राहू दिलं. त्यामुळे आता एकाच परिच्छेदात आधी हात वर केलेले दिसतात आणि पुढच्याच ओळीत उत्तर. मला ही नोंद फार आवडते, चुकीसकट.

मोल्सवर्थ म्हणतो ते मराठीत असं: डोंगरी कापड म्हणजे मुळात मुंबईच्या डोंगरी किल्ल्याला, अर्थात फोर्ट जॉर्जला, लागून असलेल्या वस्तीत विकलं जाणारं साधं देशी कापड, आता कुठल्याही गरीब, स्वस्त सुती कापडाला हा शब्द लावतात, इंग्रजीतला ‘डंगरी’ हा त्याचाच अपभ्रंश.

या वाक्यातला एक शब्द नीट पाहण्यासारखा आहे: ‘विकलं जाणारं’. डोंगरीत विणलं जाणारं, असं तो म्हणत नाही.

इथे कापडाच्या नावांचा एक जुना रिवाज समजून घ्यावा लागतो. गावाच्या नावाला ‘ई’ लावायची आणि ते कापडाला चिकटवायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. पैठणची ती पैठणी, महेश्वरची ती महेश्वरी, चंदेरीची तर गावाच्या नावातच ‘ई’, म्हणून ती आयतीच चंदेरी. नाव एकदा चिकटलं की ते गाव सोडून हिंडायला मोकळं होतं. आज बहुतेक पैठण्या येवल्यात विणल्या जातात, पण म्हणून कोणी ‘येवली’ मागत नाही. परदेशी व्यापाऱ्यांनी हेच केलं, फक्त जास्त बेफिकिरीने. मलबार किनाऱ्यावरच्या कालिकत बंदरावरून इंग्रजीत ‘कॅलिको’ आला. पुढे गुजरातेतलं आणि पूर्वेकडच्या कोरोमंडल किनाऱ्याचं सुती कापडही त्याच नावाने विकलं गेलं. ‘मस्लिन’ हे नाव इराकमधल्या मोसुल शहरावरून पडलं, आणि जगातलं सगळ्यात तलम मस्लिन विणत होते ढाक्याचे कारागीर. कापडाचं नाव सांगतं ते व्यापारी कुठे उभा होता ते. विणकर कुठे बसला होता ते त्यातून कळेलच असं नाही.

म्हणून ‘डोंगरी’ हे नाव ऐकून डोंगरीच्या गल्ल्यांत मागांची खटखट शोधू नये. तिथे बाजार होता. बाजारात माल येई तो चारी दिशांनी, आणि चौल, ठाणे ही विणकामाची गावं काही फार लांब नव्हती. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या साहेबांनी चौलचे विणकर मुंबईत आणून वसवायचे प्रयत्न केले, ते याचसाठी.

आता प्रश्न येतो, कुठली डोंगरी? आज डोंगरी म्हटलं की सँडहर्स्ट रोड स्टेशनच्या पलीकडची दाट वस्ती डोळ्यांपुढे येते. मराठी वाचकाला आणखी एक आठवण असते: कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर १८८२ साली १०१ दिवस राहिले तो डोंगरीचा तुरुंग. पण मोल्सवर्थ सांगतो ती डोंगरी किल्ल्याची आहे, आणि तिचं नाव खरोखरच एका टेकडीवरून पडलेलं आहे. डोंगर मोठा, डोंगरी लहान. जशी गाडा आणि गाडी. मुंबईच्या कोटाच्या उत्तरेला अशी एक टेकडी होती. १६८९मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकुतखानाने मुंबईला वेढा घातला, तेव्हा त्याच्या तोफा या डोंगरीवरून इंग्रजांच्या किल्ल्यावर आग ओकत होत्या. उंचवटा शत्रूच्या हाती लागला तर काय होतं, हा धडा इंग्रज विसरले नाहीत. पुढे त्यांनी टेकडीच सपाट केली, आणि १७६९मध्ये त्या परिसरात फोर्ट जॉर्ज उभा राहिला. लोकांनी साहेबाचं नाव बाजूला ठेवून त्यालाही ‘डोंगरी किल्ला’च म्हटलं, हे मोल्सवर्थच्या नोंदीवरून दिसतं. १८६०च्या दशकात कोटाच्या भिंतींबरोबर हाही पाडला गेला. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या शेजारचं सेंट जॉर्ज रुग्णालय त्या भागात आहे आणि किल्ल्याचं नाव त्याच्याकडे उरलं आहे.

म्हणजे टेकडी गेली, किल्ला गेला, बाजार सरकला. राहिलं ते कापडाचं नाव, आणि तेही परक्या भाषेत.

इथवर गोष्ट छान सुरळीत चालली आहे. बरेच लेख इथेच थांबतात. पण तारखा मांडल्या की गाठ पडते.

इंग्रजीतला या शब्दाचा जुना उल्लेख मुंबईतला नाही, हिंदुस्थानातलाही नाही. तो आहे मोलुक्का बेटांवरचा, म्हणजे आजच्या इंडोनेशियाच्या पूर्व टोकाचा. जॉन सॅरिस हा ईस्ट इंडिया कंपनीचा कप्तान १६११मध्ये इंग्लंडहून निघाला आणि १६१३मध्ये तिथे पोहोचला. त्याला हव्या होत्या लवंगा. बेटांवरच्या लोकांना त्यांच्या बदल्यात हवं होतं गुजरातेतल्या खंबायतचं आणि कोरोमंडलचं सुती कापड. या अदलाबदलीचा भाव सॅरिसने टिपून ठेवला आहे: भडोचच्या अमुक कापडाला सहा कॅटी लवंग, आणि ‘डोंगेरीन’ कापडाला, त्यातल्या सगळ्यात उत्तम प्रतीला, बारा कॅटी. कॅटी हे तिकडचं वजनाचं माप.

आता १६१३ साली मुंबई कोणाची होती? पोर्तुगीजांची. ती इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला लग्नात मिळाली १६६१च्या तहाने, प्रत्यक्ष ताब्यात आली १६६५मध्ये, आणि कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने दिली गेली १६६८मध्ये. म्हणजे इंग्रजांनी डोंगरीचा बाजार डोळ्यांनी पाहण्याच्या ५० वर्षं आधी त्यांच्या वहीत हा शब्द आलेला आहे, तोही हजारो मैलांवरच्या बेटावर. त्यांनी तो डोंगरीत उचलला नाही. पूर्वेच्या समुद्रातल्या व्यापारात तो आधीपासूनच चालत होता, तिथे तो त्यांना आयता मिळाला. ‘इंग्रज खलाशी डोंगरीत गेले, कापड घेतलं, नाव दिलं’ ही जी गोष्ट सांगितली जाते, ती निदान या क्रमाने घडलेली नाही.

दुसरी गाठ १६७३ची. जॉन फ्रायर हा कंपनीचा डॉक्टर पश्चिम किनाऱ्यावरची ठिकाणं आणि तिथे मिळणारा माल सांगताना लिहितो, डंगरी आणि वजनदार मिरी हवी तर कारवार. मुंबईचं नाव त्याच वाक्यात आहे, मुंबई तो चांगली ओळखतो, पण डंगरीसाठी बोट दाखवतो कारवारकडे.

मग मोल्सवर्थ चुकला का? मला तसं वाटत नाही. कारवारचा उल्लेख त्याच्या आड येत नाही; येवल्याच्या पैठणीसारखंच, १६७३पर्यंत नाव गावापासून सुटून कापडाच्या जातीचं झालं होतं, एवढंच त्यातून दिसतं. १६१३चा उल्लेखही आड येत नाही, कारण इंग्रज नव्हते म्हणून मुंबईच्या बेटावर बाजारच नव्हता, असं थोडंच आहे? टेकडी होती, तिचं मराठी नाव होतं, आणि किनाऱ्याने गलबतं ये-जा करतच होती. क्रूकने आणखी एक गोष्ट नोंदवली आहे: तेलुगूतही या कापडाला ‘दंगिडी’सारखा शब्द आहे, आणि मद्रासकडच्या कोशाने त्याचं मूळ ‘मुंबईजवळचं एक गाव’ असंच दिलं आहे. पूर्व किनाऱ्यावरच्या भाषेनेही बोट दाखवावं ते मुंबईकडे, ही साक्ष मला वजनदार वाटते. पण आपल्याकडे डोंगरी नावाच्या जागा थोड्या नाहीत. नुसत्या मीरा-भाईंदरच्या बाजूलाच एक डोंगरी आहे, गोव्यातही डोंगरी आहे. म्हणून इतकं म्हणावं: शब्द ‘डोंगर’वरून आला, यात वाद नाही, तो मुंबईच्याच डोंगरीवरून आला, ही सर्वांत भक्कम बाजू आहे, आणि तिची मदार मुख्यतः एका मराठी कोशाच्या एका नोंदीवर आहे.

शब्दाच्या उच्चारातही एक धागा सापडतो. मराठीत ‘डोंगर’, गुजरातीत ‘डुंगर’. जुन्या प्राकृतातही ‘डुंगर’ असं रूप आहे, आणि संस्कृतात त्याला सरळ पूर्वज सापडत नाही म्हणून तो ‘देशी’ शब्दांत धरतात. सॅरिसच्या ‘डोंगेरीन’मध्ये ‘ओ’ आहे, मराठीसारखा. फ्रायरपर्यंत पोहोचताना तिथे ‘यू’ हे अक्षर आलं आहे. गुजराती दलालांच्या तोंडून शब्द गेला म्हणून ‘डुं’ झाला असेल, की इंग्रजी कानानेच ‘ओ’चा ‘उ’ केला असेल, दोन्ही शक्य आहे. पण ‘डुंगरी’चं ‘डंगरी’ कसं झालं, याचं उत्तर मात्र इंग्रजीतच आहे, आणि ते आपल्या शाळेतल्या जुन्या प्रश्नाशी जोडलेलं आहे: पी-यू-टी पुट, तर बी-यू-टी बट का?

एके काळी दोन्हीकडे ‘उ’च होता. सतराव्या शतकात दक्षिण इंग्लंडच्या बोलीत त्यातले बरेच ‘उ’ ‘अ’कडे सरकले. ‘बुट’चं ‘बट’ झालं, ‘कुप’चं ‘कप’ झालं. ‘पुट’, ‘बुल’, ‘फुल’ असे काही तेवढे मागे राहिले. स्पेलिंग मात्र बदललं नाही. त्यामुळे जुन्या साहेबाने ‘डुंगरी’ असा उच्चार मनात धरून ‘यू’ लिहिला असला, तरी त्याच्या नातवाने तोच कागद वाचताना ‘डंगरी’ म्हटलं असतं. पुढे तर हिंदुस्थानी ‘अ’साठी ‘यू’ लिहायची पद्धतच पडली. पंजाबच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये तो अजून बसला आहे. शेवटच्या ‘ई’साठी दोन ई, रुपी आणि सारीसारखेच. एवढ्या उलाढालीत टेकडी बिचारी ओळखू येईना. वर ‘डंग’ म्हणजे इंग्रजीत शेण. तिकडची शाळकरी मुलं या शब्दावरून खिदळत असतील तर नवल नाही, पण शेणाशी याचा काही संबंध नाही.

शब्दाचं इतकं झालं. आता कापड हातात घेऊन पाहू.

विणकामात उभा धागा तो ताणा आणि आडवा तो बाणा. साध्या विणीत एक बाणा एका ताण्याच्या वरून, दुसऱ्याच्या खालून जातो. डोंगरी विणताना दोन किंवा जास्त धागे एकत्र धरून ताण्यात आणि बाण्यात घालत. ज्याला आपण दुसुती म्हणतो, त्याच जातीची ही वीण. धागा कमी प्रतीचा असला तरी जोडीने घातल्यामुळे कापड जाड होतं, सहज फाटत नाही, आणि विणकराचं काम लवकर उरकतं. स्वस्त आणि टिकाऊ या दोन गोष्टी एकत्र आल्या त्या अशा. त्यातल्या त्यात बारीक कापड गोरगरिबांच्या अंगावर जाई, आणि भरड कापडाची देशी गलबतांची शिडं आणि तंबू होत. शिडाला वारा धरायचा असतो आणि खारं पाणी झेलायचं असतं. तिथे नाजूकपणा कामाचा नाही.

इथे सॅरिसचा भाव पुन्हा आठवतो. मोलुक्कात उत्तम डोंगरीला भडोचच्या त्या कापडाच्या दुप्पट लवंग मिळत होती. आणि ‘सगळ्यात उत्तम प्रत’ असं तो म्हणतो, त्या अर्थी डोंगरीत प्रती होत्या. हलकेपणा या नावाला मागून चिकटला. दोनशे वर्षांनी चित्र पार बदललेलं दिसतं. १८१२मध्ये छापलेल्या जेम्स मोरियरच्या इराणच्या प्रवासवर्णनात एका माणसाला म्हटलं जातं, की आता थैलीची दोरी सोड, तू काही आता व्यापारी राहिला नाहीस, तुला डंगरी विकत बसायचं नाही. तिथवर डंगरी ही चिंगूस व्यापाऱ्याला हिणवायची खूण झाली होती.

भावाची आणखी एक साक्ष आपल्या फार जवळची आहे. १८६५-६६च्या हिवाळ्यात मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रियर दख्खनच्या दौऱ्यावर होता आणि त्याची मुलगी मेरी बरोबर होती. मेरीच्या सोबतीला होती आया, ॲना लिबेराता डिसूझा. आजोबा लिंगायत, गोव्याकडे जाऊन ख्रिस्ती झालेले. ॲनाने प्रवासात मेरीला लोककथा सांगितल्या, मेरीने त्या लिहून घेतल्या, आणि १८६८मध्ये ‘ओल्ड डेक्कन डेज’ या नावाने त्या छापल्या. पुस्तकाच्या सुरुवातीला ॲनाची स्वतःची हकिगत आहे. जुन्या दिवसांची स्वस्ताई सांगताना ती म्हणते, की ज्या डंगरीला आता वाराला अर्धा रुपया मोजावा लागतो, ती तेव्हा रुपयाला २० ते ४० वार मिळायची. हिशोब केला तर दहा ते वीस पट महागाई. बाई हे सांगत होती तो काळही लक्षात घ्यायला हवा: अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ ते १८६५ चाललं, तिकडचा कापूस अडकला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत शेअर बाजारात कोण श्रीमंत झालं आणि कोण बुडालं, याच्या गोष्टी आपण खूप ऐकतो. अंगावरच्या जाड्याभरड्या कापडाचं काय झालं, ते ॲना सांगते.

आणखी एक योगायोग, जो सांगितल्याशिवाय राहवत नाही. मुंबईच्या कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या त्या याच बार्टल फ्रियरच्या कारकिर्दीत. बापाच्या राज्यात डोंगरी किल्ल्याचे दगड निघाले, आणि लेकीच्या वहीत त्या कापडाचं नाव राहिलं.

इथून पुढचा प्रवास भराभर सांगता येतो. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सची वसाहत नवी असताना तिथे हिंदुस्थानातून कापड जाई. तिथल्या गरीब शेतकऱ्यांना ‘डंगरी सेटलर’ असं नावच पडलं, अंगावर हेच कापड असायचं म्हणून. आपल्याकडे ‘फाटक्या अंगरख्याचा’ म्हणतात तसंच हे. पहिल्या महायुद्धात, १९१५मध्ये, क्वीन्सलंडमधल्या वॉरविकहून ब्रिस्बेनपर्यंत सैन्यभरतीसाठी पायी मोर्चा निघाला. वाटेत माणसं सामील होत गेली. त्यांना निळे डंगरीचे कपडे दिले होते, म्हणून इतिहासात तो ‘डंगरीज मार्च’ झाला.

जहाजांवर शिडांचा जमाना संपला, इंजिनं आली, आणि तेला-कोळशात काम करणाऱ्यांच्या अंगावर हे कापड चढलं. याच सुमारास, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, शब्दाने आणखी एक उडी मारली. ‘डंगरी’ हे कापडाचं नाव होतं. आता ‘डंगरीज’ असं अनेकवचन होऊन ते त्या कापडाच्या कपड्याचं नाव झालं. पुढे तर कापड बदललं तरी चालेल, आकार तोच हवा, अशी वेळ आली. गाव, मग कापड, मग कपडा, मग नुसता कपड्याचा आकार. पैठणी दुसऱ्या पायरीवर थांबली. डंगरी चारही चढली.

या शेवटच्या पायरीवर इंग्लंड आणि अमेरिका वेगळे झाले. इंग्लंडात डंगरीज म्हणजे छातीवर तुकडा असलेली, पट्ट्यांची पँट. दुसऱ्या महायुद्धात शेतावर राबणाऱ्या ‘लँड गर्ल्स’ना ती सरकारातून मिळे. अमेरिकेत डंगरीज म्हणजे निळी साधी कामाची पँट. अमेरिकन नौदलाच्या खलाशांचा निळा कामाचा वेष विसाव्या शतकात वर्षानुवर्षं याच नावाने ओळखला गेला. आपल्या दुकानदाराने उचलला तो इंग्लंडचा अर्थ.

आणि जीन्स? तिचं कूळ वेगळं. ‘जीन’ हे इटलीतल्या जिनोआ शहराच्या फ्रेंच नावावरून आलं. ‘डेनिम’ हे फ्रान्समधल्या नीम गावच्या ‘सर्ज द नीम’ या कापडावरून. पुन्हा गावंच. तांब्याच्या रिव्हेट ठोकलेल्या पँटचं पेटंट जेकब डेव्हिस आणि लीव्हाय स्ट्रॉस यांना २० मे १८७३ रोजी मिळालं, आणि त्या पँटला तेव्हा जीन्स म्हणत नसत, ‘वेस्ट ओव्हरऑल्स’ म्हणत. डेनिमची वीणही डोंगरीसारखी नाही. तिच्यात बाणा एका ताण्यावरून आणि मग दोन-तीन ताण्यांखालून जातो, प्रत्येक ओळीत एक घर सरकत, म्हणून कापडावर तिरप्या रेघा उमटतात. ताणा निळा, बाणा पांढरा, म्हणून जीन्स उलटी केली की आतून फिकी दिसते. जुन्या डोंगरीत ही तिरकी रेघ नाही. ती सरळ जोडधाग्यांची वीण. दोन्ही कापडं राबणाऱ्यांची, दोन्ही पुढे निळ्या रंगात प्रसिद्ध झाली, अमेरिकेत दोन्ही नावं एकाच पँटला लागली, आणि तिथून ‘जीन्स डोंगरीची’ हा घोटाळा सुरू झाला. डोंगरीने जगाला शब्द दिला. पँट तिने दिलेली नाही.

शब्द घरी परतला तो दोन वाटांनी. एक वाट लष्कराची: रणगाड्यांच्या दलातले जवान अंगभर घालतात त्या एकसंध काळ्या पोशाखाला तिथे ‘डांगरी’ म्हणतात, आणि गॅरेजमधल्या मेकॅनिकच्या ओव्हरऑललाही हिंदीत बरेच जण ‘डांगरी’च म्हणतात. दुसरी वाट बाळांच्या कपड्यांच्या दुकानाची. आपलीच डोंगरी इंग्लंडला जाऊन आली, आणि परत आल्यावर आपण तिला ओळखलं नाही. ‘डंगरी’ हा नवा, परका शब्द म्हणून ठेवून घेतला. मधल्या काळात मराठीतलं ‘डोंगरी कापड’ वापरातून गेलं. त्याच्या जागी ‘मांजरपाट’ राहिला, ‘दुसुती’ राहिली, आणि आता जाडंभरडं काही दिसलं तर आपण सरळ ‘कॅनव्हास’ म्हणतो.

मुंबईत हार्बर लाइनने सीएसएमटीकडे येताना सँडहर्स्ट रोड गेलं की उजवी-डावीकडे नुसत्या चाळी, गोदामं आणि रेल्वेचे रूळ दिसतात. चढ कुठेच लागत नाही. टेकडी होती असं सांगणारं तिथे काही नाही, आणि मशीद बंदरच्या फुटपाथवर ढिगाने टांगलेल्या दीड-दीडशेच्या डंगऱ्या आहेत, त्यांच्या लेबलवर तर नाहीच नाही.